गोतो बेटांवरच्या दोझाकी चर्चला आईला न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळचा वसईचा, नोकरीनिमित्त फुकुओकात राहतो. फेब्रुवारीत आई पहिल्यांदाच जपानला येते आहे. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर गेले. ती टेकडी तिला बघायची आहे. तिथवर नेणं सोपं आहे.

पण त्या दिवशी तिथे क्रुसावर गेलेल्या २६ हुतात्म्यांत, नागासाकीच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या गोतो बेटांवरचा योहान नावाचा १९ वर्षांचा मुलगाही होता. गोतोतल्या फुकुए बेटावर, दोझाकीला, १९०८ सालचं लाल विटांचं चर्च आहे आणि ते या २६ जणांच्याच नावाने आहे. फोनवर हे बोलून गेलो, तर आई म्हणाली, "मग त्या पोराच्या गावालाही जाऊन येऊ." आता मला नाही म्हणवत नाही. ५ तारखेला नेसायला तिने लाल लुगडंसुद्धा काढून ठेवलंय.

पहिली अडचण बोटीची. फुकुओकाच्या हाकाता बंदरातून रात्री उशिरा सुटणारी फेरी सकाळी फुकुएला पोचते, पण साध्या तिकिटात खाली गालिच्यावरच झोपायचं असतं. आईला जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. नागासाकीहून जेटफॉइल (वेगवान बोट) दीड तासात नेतं, पण समुद्र खवळला की ते रद्द होतं. फेब्रुवारीत असं कितपत होतं? की सरळ विमानच धरू?

दुसरी अडचण जास्त मनाला लागलीय. दोझाकीचं चर्च आता संग्रहालय आहे. ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना लपून तो पाळणाऱ्यांच्या वस्तू तिथे मांडल्यात, कन्नोन या बौद्ध करुणादेवीच्या रूपातली मारियाही आहे. आई तिथे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणणार, आमच्या कादोडी बोलीत आणि घरी म्हणते तशी मोठ्याने. चालेल का? आधी कोणाला विचारावं लागतं? त्या दिवशी फुकुएत मिस्सा (चर्चमधली उपासना) कुठे मिळेल?

हिसाका बेटावरचं १८८१ सालचं जुनं लाकडी गोरिन चर्च मला बघायचं होतं, पण तिथे शेवटचा टप्पा पायीच आहे. ते या खेपेला सोडलं.

१८७३ मध्ये ती बंदी उठल्यावर गोतोतला नाताळचा मिस्सा याच दोझाकीच्या किनाऱ्यावर, उघड्यावर झाला होता. आत नाहीच चाललं तर आम्ही तिथे बसून रोझरी म्हणू. वाऱ्याला आडोसा मिळेल अशी जागा आहे का तिथे? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.