कॅनडातली नोकरी: सुट्टीचे 4 टक्के दर पगारात घ्यावेत की साठू द्यावेत?

मांजराकाठ (लातूर)
भाच्याला कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात नोकरी लागली. ताशी 18 डॉलर, आठवड्याला 40 तास. ऑफर लेटरसोबत अजून एक कागद आलाय: व्हेकेशन पे (सुट्टीचे पैसे) पगाराच्या 4 टक्के, दर पगारासोबत द्यायला माझी संमती आहे. खाली सहीची जागा. लेकरू खूश, म्हणे मामा, पगार वाढला! म्हणलं, वाढला कशाचा, तुझ्याच सुट्टीचे पैसे तुला सुटे करून देतायत.

माझं मत, सही करू नये. ओंटारिओत पहिलं वर्ष भरल्यावर 2 आठवडे रजा मिळते. 50 आठवडे राबायचं आणि 2 आठवडे बसून खायचं, त्याचेच हे 4 टक्के. आठवड्याच्या 720 डॉलरवर 28.80 होतात. ते किराण्यात कुठं विरघळतील, पत्ता लागणार नाही. मग रजेवर जायच्या टायमाला पगार शून्य, आणि विमानाचं तिकीट त्याच महिन्यात. कायद्यानं ही संमती लेखी घ्यावी लागते, म्हणजे नाही म्हणता येतंच की. मग कामून सही करायची?

गोदाकाठचा (नांदेड, सध्या ओंटारिओ)
सपशेल असहमत. साठवायचेच असतील तर कंपनीकडं कशाला, स्वतःच्या खात्यात साठवा. मला कामाला लावणारी पहिली एजन्सी रातोरात गाशा गुंडाळून गेली. नोकरी सुटली की उरलेला व्हेकेशन पे 7 दिवसांत किंवा पुढच्या पगाराला, जे नंतर येईल तेव्हा द्यावा असा कायदा आहे. कायदा कागदावर राहिला अन् मी फोन लावत बसलो. शिवाय पोरांच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं, त्याचं व्याज काही सुट्टीवर जात नाही. पैसा आला की हप्त्यात घाला.

मांजराकाठ
तुम्ही घालाल हो हप्त्यात. बाविशीतलं पोरगं घालंल का?

लेकीची आई (धाराशिव)
माझी लेक जर्मनीत नर्स आहे. तिकडं हा प्रकारच नाही. आठवड्याला 5 दिवस काम असेल तर कायद्यानं वर्षाला कमीत कमी 20 दिवस भरपगारी रजा, आणि कायद्यातली ही रजा नोकरी चालू असताना पैशात बदलून मिळत नाही, घ्यावीच लागते. पूर्ण हक्क 6 महिन्यांनी लागतो. तोवर भरलेल्या प्रत्येक महिन्याला बारावा हिस्सा. माणसानं आराम करावा म्हणून रजा. तुमच्या कॅनडात रजेचे पैसे आधीच वाटून टाकायचे, मग पोरं रजाच घेत नसतील. मामांचं बरोबर आहे.

गोदाकाठचा
काकू, रजा द्यायची जबाबदारी इथंही मालकाचीच आहे. पैसे आधी दिले म्हणून रजा बुडत नाही.

वाळूज_दुसरी_शिफ्ट
तुम्ही 4 टक्क्यांवर भांडायलात, नवीन माणसाला पहिला झटका सणाच्या सुट्टीत बसतो. ओंटारिओत अशा 9 सार्वजनिक सुट्ट्या, त्यात दिवाळी नाही. त्या दिवसाचा पगार म्हणजे आधीच्या 4 आठवड्यांची कमाई भागिले 20. महिनाभर पूर्ण काम केलं असेल तर 2880 भागिले 20, म्हणजे 144 डॉलर, बरोबर एक दिवसाची हजेरी. पण लेबर डेच्या (त्या 9 पैकी सप्टेंबरातली सुट्टी) आदल्या आठवड्यात रुजू झालात तर 720 भागिले 20, हातात 36! माझ्या चुलतभावाला वाटलं एचआरनं पैसे खाल्ले. आणि सुट्टीच्या आधीची किंवा नंतरची ठरलेली पाळी सबळ कारण नसताना बुडवली तर तेवढेही जातात. आपल्याकडं सुट्टीला जोडून दांडी मारायची सवय आहे, ती विमानतळावरच सोडा.

गोदाकाठचा
हा मुद्दा माझ्याच बाजूचा निघाला बघा. व्हेकेशन पे दर पगारात घेत असाल तर तो या हिशोबात धरला जातो. 2880 अधिक त्याचे 4 टक्के 115.20, भागिले 20 म्हणजे 149.76. एका सुट्टीमागं 5.76 जास्त, 9 सुट्ट्यांचे 50 डॉलरच्या वर जातात. मामा, आता काय म्हणता?

मांजराकाठ
50 डॉलरसाठी वर्षाचे 1,400 मोकळे सोडायचे? परवडत नाही. सही करायचीच झाली तर पगार चिठ्ठीत 4 टक्के वेगळ्या ओळीत दाखवलेले पाहिजेत, नाहीतर 18 च्या दरातच धरलेत म्हणून सांगायला ते मोकळे.

वाळूज_दुसरी_शिफ्ट
हे मान्य. पण भाच्याला अजून एक सांगा. रजा कधी द्यायची ते तिथं मालक ठरवतो. वर्ष भरल्यावर पुढच्या 10 महिन्यांत द्यायची, एवढंच बंधन. येळवशीला (मार्गशीर्ष अमावास्येला) शेतात आंबिल प्यायला यायचं म्हणत असेल तर ऐन ख्रिसमसच्या तोंडावर गोदामात रजा मागावी लागेल. आत्ताच विचारून ठेवा म्हणावं.