मदत हवी आहे: कॅमकॉर्डरचं फुटेज एडिटिंग आणि ऑनलाइन विक्रीसाठी कसं कन्व्हर्ट करू?

नमस्कार मंडळी. एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणाऱ्या कॅमकॉर्डरवर शूट केलेलं पक्ष्यांचं बरंच फुटेज माझ्याकडे आहे. १९२०×१०८०, ५०आय (इंटरलेस्ड, सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम्स), एमटीएस फाइल्स. ते स्टॉक फुटेज (इतरांना वापरायला तयार क्लिप्स) म्हणून ऑनलाइन विकायचं आहे.

एडिटिंग करताना टाइमलाइन अडखळते. या फाइल्सच्या एच.२६४ कॉम्प्रेशनमध्ये बहुतेक फ्रेम्स आजूबाजूच्या फ्रेम्सवरून उलगडाव्या लागतात, त्याचाच हा ताण. म्हणून आधी प्रोरेस ४२२ (एडिटिंगला हलका पडणारा फॉरमॅट) करून घेणार आहे. मूळ फुटेज ८-बिट, ४:२:० (रंगाची माहिती मर्यादित) असल्याने प्रोरेसचा मोठ्या फाइल्सचा एचक्यू प्रकार घेऊन नुसती जागा भरेल असं मला वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.

खरी अडचण इंटरलेसिंगची आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या आडव्या ओळी एकाआड एक असतात. बगळा उडतो तेव्हा पंखांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. एफएफएमपेग या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेस करणारा (इंटरलेसिंग काढणारा) फिल्टर लावून ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम्स) करू की २५पी? ५०पीमध्ये पंखांची हालचाल फार सुंदर दिसते, ती घालवायला जीव होत नाही. पण विकत घेणाऱ्यांना काय सोयीचं पडतं? आणि डीइंटरलेस एडिटिंगच्या आधी करावं की शेवटी?

शिवाय लांबलचक शॉट्स कार्डावर तुकड्यातुकड्यांत सेव्ह झालेत आणि सांध्यावर आवाज किंचित तुटतो. ते नीट कसे जोडायचे? कोणी असं फुटेज प्रत्यक्ष विकलं असेल तर सेटिंग्जसकट लिहा, प्लीज.