चवथीची सूट लावली, पण गूगलवर माझ्या पुस्तकांची किंमतच दिसत नाही. स्कीमा खरंच लागतो का?

पुस्तकवालो_फोंडा
नमस्कार मंडळी. फोंड्यात माझं मराठी-कोंकणी पुस्तकांचं छोटं दुकान आहे, मागे एकाकडून वेबसाइट करून घेतली. यंदा चवथीला सगळ्या पुस्तकांवर २५ टक्के सूट लावली, व्हॉट्सॲप स्टेटसला टाकली, गावच्या ग्रुपवर टाकली, पण साइटवरून ऑर्डरी म्हणाल तर नावापुरत्याच. गूगलवर पुस्तकाचं नाव टाकून बघितलं तर मोठ्या साइटींच्या लिंकखाली किंमत, स्टॉकात आहे की नाही, सगळं व्यवस्थित दिसतं आणि माझी लिंक आली तर नुसत्या दोन कोरड्या ओळी. आता एक एजन्सीवाला म्हणतो स्कीमा लावून देतो, पहिल्या पानावर येशील, आणि आकडा सांगतो तो ऐकून मला गरगरलं. हे खरंच कामाचं आहे का, की तेवढे पैसे घालून दिवाळीला सरळ ३५ टक्के सूट देऊ?

पर्वरीचो_कोडर
पहिलं पान वगैरे विसर. स्कीमा लावला म्हणून कोणी वर चढत नाही आणि किंमत दाखवायचीच असं बंधनही गूगलवर नाही. पण पानावर काय आहे ते मशीनला कळतं, हे पुस्तक, ही किंमत, हा स्टॉक, आणि ते कळल्याशिवाय तुझ्या लिंकखाली किंमत येणार कशी? स्कीमा डॉट ऑर्ग ही शब्दांची एक सामायिक यादी आहे, २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून काढलेली, फुकट आहे, कोणाच्या मालकीची नाही. पानाच्या कोडमध्ये जेसन-एलडीचा (मशीनला वाचता येईल अशी माहिती लिहायची पद्धत) एक तुकडा टाकायचा असतो, त्यात टाइप बुक आणि प्रॉडक्ट दोन्ही द्यायचे, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक द्यायचा, मग ऑफर म्हणून किंमत, चलन आयएनआर (रुपया), उपलब्धता. एक साचा बनवला की सगळ्या पुस्तकांना तोच चालतो, त्यामुळे एजन्सीचा आकडा जर पुस्तकागणिक असेल तर तो तुला टोपी घालतोय.

पण त्याआधी एक कर. तुझ्या एखाद्या पुस्तकाचं पान गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये टाक, फुकट आहे, आणि काय दाखवतं ते इथे लिही. बरेचदा थीमनेच, म्हणजे साइटच्या तयार साच्यानेच, अर्धामुर्धा स्कीमा घातलेला असतो आणि घोळ त्यातच असतो.

म्हापसेकर
मी पण पुस्तकंच विकतो, म्हणून सांगतो, ३५ टक्के देऊ नको रे बाबा. हिशोब कर. ३०० चं पुस्तक, प्रकाशक तुला ३० टक्के कमिशन देतो म्हणजे ९० रुपये. २५ टक्के सूट दिलीस की ७५ गेले, हातात १५. त्यात खोका, टेप, पोस्ट, पेमेंट गेटवेचा कट. ३५ दिलीस तर १०५, म्हणजे गिऱ्हाइकाला तूच वर १५ रुपये देतोस. मोठ्या साइटी हे खेळ खेळू शकतात कारण त्यांना पुस्तकात नाही मिळालं तरी कुकरात मिळतं. फ्रान्समध्ये १९८१ पासून कायदाच आहे, पुस्तकावर ५ टक्क्यांच्या वर सूट द्यायची नाही म्हणून, आपल्याकडे असलं काही नाही, त्यामुळे मरतो तो छोटा.

मी सरसकट सूट बंद केली. पडून राहिलेल्या मालावर देतो आणि तीन पुस्तकांचा संच केला तर पोस्ट फुकट, बस्स. स्कीमाचं मला काही कळत नाही, ते कोडरबाब सांगतील.

सासष्टीची_प्रकाशिका
म्हापसेकरांचं पटलं. मी प्रकाशनाच्या बाजूने सांगते. स्कीमा लावा की काही लावा, आत टाकायची माहितीच धड नसेल तर काय उपयोग? तुमची पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये असणार. ती उघडून आयएसबीएनचा रकाना बघा, १३ आकड्यांच्या जागी ९.७८ई+१२ असं काहीतरी दिसत असेल. तो रकाना शून्य दशांशाच्या नंबरमध्ये करा, पूर्ण आकडे दिसले पाहिजेत. तशीच फाइल सीएसव्ही (साइटवर चढवायची साधी यादी) म्हणून सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात आणि मग पुस्तकं हातात घेऊन परत नंबर घालत बसायचं.

दुसरं म्हणजे २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकडी नंबर असतो, त्याच्यापुढे नुसता ९७८ चिकटवून भागत नाही, शेवटचा तपासणीचा आकडा बदलतो, नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत ते वापरा. आणि प्रकाशकांकडून येणाऱ्या याद्या जुन्या डीटीपी फॉन्टात असतात, त्या तशाच चिकटवल्या की साइटवर नावाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात, तुमच्या पीसीवर फॉन्ट असतो म्हणून तुम्हाला बरोबर दिसतं, बाकी जगाला नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखं दिसणारं टायपिंग, करूनच टाका.

परदेशातले प्रकाशक ही सगळी माहिती ऑनिक्स नावाच्या एक्सएमएल साच्यात दुकानदारांना पाठवतात, २००० सालापासून आहे ते. आपल्या छोट्या मराठी-कोंकणी प्रकाशकांकडून तुम्हाला व्हॉट्सॲपवर कव्हरचा फोटो आणि खाली किंमत मिळते, ती पण कधी कधी जुनी. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, तरी काही लेखक स्वतःचं पुस्तक छापताना घेत नाहीत, मग ऑनलाइन ते पुस्तक शोधायचं कशावरून?

पुस्तकवालो_फोंडा
देव बरें करूं सगळ्यांचं. टेस्ट केली. स्कीमा आधीच आहे म्हणे, पण लाल-पिवळं बरंच काही आलं. किंमतीवर एरर आहे, आणि कोडात 'प्राइस व्हॅलिड अन्टिल' म्हणून एक तारीख आहे ती गेल्या वर्षीच्या चवथीची. हे कोणी घातलं मला माहीत नाही, मी तर कधी कोड उघडलाच नव्हता.

पर्वरीचो_कोडर
सापडला चोर. त्या तारखेचा अर्थ ही किंमत अमुक दिवसापर्यंतच खरी. तारीख उलटून गेली असेल तर गूगल तुझी किंमत दाखवणं बंद करू शकतं, त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय. म्हणजे गेल्या वर्षीच्या ऑफरसाठी साइट करणाऱ्याने हाताने तारीख टाकली आणि विसरला, आणि यंदाची सूट मशीनच्या लेखी जुन्या तारखेतच अडकली. ती तारीख काढून टाक किंवा ऑफरच्या शेवटच्या दिवसाला बांध.

किंमतीचा एरर माझ्या अंदाजाने आकड्यांचा. तुझ्या साइटवर किंमत देवनागरीत ₹ ३०० अशी आहे ना? वाचणाऱ्याला ती तशीच ठेव, छान दिसते, पण जेसनच्या आत इंग्रजी आकडेच लागतात, रुपयाचं चिन्ह नको, हजाराचा स्वल्पविराम नको. स्कीमा डॉट ऑर्गवर हे स्पष्ट लिहिलंय पण वाचतो कोण. आणि पानावर २२५ आणि कोडात ३०० असं करू नको, दोन्हीकडे तोच भाव हवा, पुढे गूगलच्या मर्चंट सेंटरला (दुकानाचा माल गूगलला कळवायची जागा) जोडशील तेव्हा किंमत जुळली नाही तर ते पुस्तक नाकारतात. आयएसबीएन नसलेली जुनी पुस्तकं असतील त्यांना तिथे ओळख-क्रमांक नाही असं सांगायची सोय आहे, खोटा नंबर घालू नको.

जुनो_वेबवालो_पणजी
मजा वाटते हे वाचून. २००८ मध्ये गुडरिलेशन्स नावाची दुकानदारीची शब्दावली आली होती, नेमकं हेच सांगायला, काय विकतो, कितीला, केव्हापर्यंत. तेव्हा आम्ही इथल्या व्यापाऱ्यांना सांगत फिरायचो आणि लोक चहा पाजून घालवून द्यायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं, कारण लावून मिळत काहीच नव्हतं. २००९ मध्ये गूगलने रिच स्निपेट्स, म्हणजे लिंकखाली जादा माहिती, दाखवायला सुरुवात केली तेव्हा कुठे धंदेवाल्यांना कळलं की हे कशाशी खातात. २०१२ मध्ये गुडरिलेशन्स स्कीमा डॉट ऑर्गमध्येच घातलं. स्टँडर्ड चांगलं आहे म्हणून कोणी घेत नाही, समोर गिऱ्हाईक दिसलं की घेतात.

पुस्तकवालो_फोंडा
तारीख काढली आणि किंमतीचे आकडे भाच्याकडून बदलून घेतले, टेस्टमध्ये आता हिरवं येतंय, गूगलवर अजून काही नाही. एक शंका, कोंकणी पुस्तकांना भाषेचा कोड काय देऊ? थीमने सगळ्यांना मराठीचा एमआर लावलाय.

पर्वरीचो_कोडर
गूगल परत येऊन पान वाचेपर्यंत थांबावं लागतं, सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीतून तेवढं पान परत वाचायला सांग. कोंकणीला के-ओ-के दे. गोंयच्या कोंकणीचा वेगळा जी-ओ-एम पण आहे, पण के-ओ-के जास्त ठिकाणी ओळखतात. आणि रोमी लिपीतली पुस्तकं ठेवत असशील तर त्यांना भाषेच्या कोडापुढे रोमन लिपीचा कोड लॅटन (एल-ए-टी-एन) जोड, नाहीतर सगळी एकाच गठ्ठ्यात जातील.

म्हापसेकर
रोमी पुस्तकं असतील तर मला मेसेज कर रे, शुक्रवारी बाजारात येतात ती गिऱ्हाइकं विचारतात आणि माझ्याकडे नसतात.