राहून गेलेली शुश्रूषा : कोकणातले तुमचे अनुभव लिहा

गणपतीला गावी आलं की घरोघरी दवाखान्याची एक तरी हकिगत ऐकायला मिळते. डॉक्टर, बिल, रुग्णवाहिका यांवर बोलणं होतं. पण गोळी उशिरा मिळाली, रात्रभर ताप कोणी मोजला नाही, कूस बदलली नाही, हे 'चालायचंच' म्हणून सुटून जातं. परिचर्येच्या संशोधक बियाट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांशी बोलून नेमकं हेच टिपलं होतं : चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, लघवीची नोंद, घरी जाताना समजावून सांगणं. जे केलंच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून ते इथे लिहूया. रुग्णालयाचं नाव नको. काय राहिलं आणि का राहिलं, ते सांगा.

एक आई, गुहागर तालुका
जुलाब-उलट्यांनी मुलाचे डोळे खोल गेले म्हणून दाखल केलं. दीड वर्षाचा होता. हाताला सलाईन, त्यावर घट्ट पट्टी. रात्रभर किरकिरत होता. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, भूक लागली असेल त्याला." पहाटे पट्टी सोडली तर हात कोपरापर्यंत टम्म! सलाईन शिरेबाहेर मांसात जात होतं. रात्री वॉर्डाला एकच सिस्टर, आणि तिला प्रसूतीसाठी खाली बोलावलेलं. हात बरा झाला. पण सुईच्या वरचा भाग थंड किंवा फुगलेला लागला तर लगेच हाक मारा, एवढं जरी कोणी सांगितलं असतं, तरी मी रात्रभर तेच बघत बसले असते.

निवृत्त सिस्टर, रायगड
या ताईंना सांगते, एका सिस्टरने वॉर्ड आणि लेबर रूम दोन्ही बघायचं, ही व्यवस्थाच चूक आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतरत्र पाच खाटांमागे एक परिचारिका असं आहे. ते मी फक्त परीक्षेच्या पेपरात पाहिलं.

विंचवाचं सांगते. लाल विंचू चावलेली मुलं आमच्याकडे पूर्वी हातातून जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. पण गोळी दिली म्हणजे काम संपत नाही. नाडी, रक्तदाब पुन्हा पुन्हा बघायचा, हातपाय गरम होईपर्यंत तीन-तीन तासांनी डोस द्यायचा, आणि मुलाला आडवंच ठेवायचं. उचललं की रक्तदाब कोसळतो. रडणाऱ्या पोराला आई उचलणारच, म्हणून तिला आधी समजवावं लागतं. एकदा पाळी बदलताना पाहिलं, मूल आईच्या खांद्यावर, हातपाय गार, तक्ता कोरा. आधीच्या पाळीची मुलगी रक्तस्रावाच्या पेशंटजवळ अडकलेली. दोन पेशंटचे जीव वाटणीला घातल्यासारखे. मूल वाचलं. त्या मुलीला मात्र दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला, दुसरी सिस्टर मिळाली नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सावंतवाडीकडचा
लावणीनंतर बाबांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला. तो मूत्रपिंडावर उतरतो, म्हणून लघवी मोजून लिहायची होती. भांडंच मिळालं नाही, रकाने रिकामे. पायांवर सूज दिसल्यावर तक्ता शोधला गेला. मग गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात धावपळ. डायलिसिस लागलं, बरे झाले. भांडं मी बाजारातून आणलं असतं हो, कोणी सांगायला हवं होतं.

मालवण
वडिलांना इन्सुलिन वेळेवर, जेवणाची गाडी तासाभराने. साखर उतरली, घामाने भिजले, बोलेनात. तेव्हापासून सुईआधी ताट समोर आहे का ते बघतो.

सून, राजापूर तालुका
सासूबाईंना अर्धांगवायू. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे केसपेपरवर होतं म्हणे. आम्हाला वाटलं, हलवलं तर त्रास होईल. घरी आणल्यावर अंघोळ घालताना माकडहाडावर काळपट जखम दिसली. भरायला पावसाळा गेला. रुग्णालयातून निघताना औषधांची चिठ्ठी मिळाली, कूस कशी वळवायची ते कोणी दाखवलं नाही. पुढे गावच्या आरोग्यसेविका, एएनएम ताईंनी घरी येऊन चादरीच्या घडीने वळवायला शिकवलं, टाचांखाली उशी कुठे ठेवायची तेही. दहा मिनिटांचं काम होतं.

सिस्टर, तुमच्या वॉर्डात हे घरच्यांना दाखवायला वेळ मिळायचा का?

निवृत्त सिस्टर, रायगड
दुपारी चारच्या सुमारास, नातेवाईक भेटायला आले की दाखवायचे. ज्या दिवशी आम्ही दोघी असू, त्या दिवशी.