वायतुरा घरच्या टबात जगेल का?

पाणवेडा:
गेल्या आठवड्यात कासला गेलो होतो. बाकीचे तेरड्याचे फोटो काढण्यात गुंतले आणि मी वाटेलगतच्या वीतभर खोल डबक्यापाशी बसून राहिलो. पाण्यातून वर आलेला जांभळट गुलाबी तुरा, शेंड्याला दोन फाटे, अगदी इंग्रजी 'वाय'सारखा. वाटाड्याने नाव सांगितलं, वायतुरा. माझ्या गच्चीत कमळाचा मोठा टब आहे, ऊनही भरपूर. या झाडाला नेमकं काय लागतं? कंद कुठे मिळतो का? मी तिथे कशालाही हात लावलेला नाही.

सडेकरी:
हात लावला नाहीत हे वाचून बरं वाटलं. मी सड्याखालच्या, म्हणजे कासच्या कातळी पठाराखालच्या गावातला. दर पावसाळ्यात ही डबकी बघत आलोय.

मे महिन्यात आलात तर तिथे पाणी साठतं यावर विश्वास बसणार नाही. जांभ्याच्या कातळात खळगा, त्यात चार बोटं माती, तीही तडकलेली. कंद त्या मातीत झोपलेला. पाऊस धरला की खळगा भरतो, पानं फुटतात, मग तुरा येतो. पाणी उथळ, पण पावसाळाभर वरून ताजं पडत राहतं. उंची साधारण 1200 मीटर, दिवसदिवस धुकं, त्यामुळे ते तापतही नाही. पाऊस सरला की खळगा आटतो, झाड दिसेनासं होतं आणि पुन्हा पाऊस येईपर्यंत कंद कोरड्यात तग धरतो.

तुमच्या टबात सगळं याच्या उलट आहे: खोल पाणी, बारमाही ओल आणि कमळासाठी घातलेलं खत. सड्याची माती इतकी निकस की शेजारची सीतेची आसवं आणि दवबिंदू ही झाडं किडे पकडून नत्र मिळवतात. अशा ठिकाणी वाढणाऱ्या झाडाला शेणखत घालणं म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

शास्त्रीय नाव ॲपोनोजेटन सातारेन्सिस. 1980च्या दशकात त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, नावातच सातारा आहे. सह्याद्रीतल्या अशा मोजक्या सड्यांखेरीज ते जगात कुठे उगवत नाही. कोणी कंद विकत असेल तर तो आला कुठून, हे आधी विचारा. एका खळग्यातले कंद गेले की तो खळगा पुन्हा भरेल, पण नुसत्या पाण्याने.

तळ्याकाठी:
मत्स्यालयाच्या दुकानात ॲपोनोजेटन म्हणून मिळतात त्या दुसऱ्या जाती, त्याला वायतुरा समजू नका. मैदानी तळ्यांत याच कुळातला ॲपोनोजेटन नटान्स असतो, त्याचा तुरा एकेरी. टबासाठी मी कुमुदिनी सुचवेन. पांढरी, झालरीच्या पाकळ्यांची, साचलेल्या पाण्यात सुखाने वाढते. माझ्याकडे चार वर्षं आहे.

पाणवेडा:
कुमुदिनी लावतो. कंदाचा विचार सोडला. सडेकरी, मे महिन्यात तो कोरडा खळगा बघायला आलो तर दाखवाल?

सडेकरी:
जरूर या. गाडी मात्र डांबरावरच ठेवा. ओल्या सड्यावर एकदा चाक फिरलं की ती चार बोटं माती पुढच्याच पावसात वाहून जाते, आणि कोरड्यात चाक फिरलं तर खाली झोपलेला कंद चिरडतो. आपण चालत जाऊ, अर्धा तास लागेल.