अनुभव धागा: गर्भपाताचा कायदा आणि आपल्या गावापासूनचं अंतर

यवतमाळ जिल्हा (धागा सुरू करणारी)
श्रीलंकेत अजून १८८३ची दंडसंहिता चालते. बाईचा जीव वाचवायचा असेल तरच गर्भपात. आपल्याकडे १९७१पासून कायदा आहे, आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तरी तांबी असताना दिवस गेले, तेव्हा दवाखान्यात मला पहिलं वाक्य ऐकवलं, "नवऱ्याची सही आणा." नवरा कामाला सुरतेत. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे मला तिथं कोणी सांगितलं नाही. तुम्हीही लिहा, ओळख पटेल असं काही नको.

अकोट तालुका, आशा सेविका
आमच्या इकडे बायायले वाटते, गर्भपात बंदच हाय. भिंतीवर 'गर्भलिंग तपासणी गुन्हा' लिहेल असते ना! तो १९९४चा कायदा येगळा, पोटात पोरगी का पोरगा हे पाहाच्या विरोधातला. पन सांगते कोन? एका बाईनं भेवापायी लपून मेडिकलातून गोळ्या आनल्या. अंगावरून जाऊन जाऊन पांढरीफटक पडली, तवा सासू माह्याकडे धावत आली. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या चालतात, पन डॉक्टरच्या देखरेखीत. माय, लपू नका, आधी आमाले सांगा.

चामोर्शी तालुका
आमचं गाव पूर्व बंगालातून आलेल्यांचं. आईची चुलत बहीण बांगलादेशात खुलन्याकडे असते. तिथं १८६०चाच इंग्रजी कायदा, गर्भपात गुन्हा. पण १९७९पासून सरकारी केंद्रात 'पाळी नियमित' करून देतात, म्हणजे पाळी चुकली की गर्भाशय रिकामं करून देतात, दहा आठवड्यांपर्यंत तर प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्याच हातून. मावशीचं काम घराजवळ झालं. आमचा कायदा मोकळा, पण नोंदणीकृत डॉक्टरच हवा, आणि तो गडचिरोलीला. पावसात नाल्याला पूर आला की एसटी बंद. माझ्या वहिनीचे आठवडे असेच वाढत गेले.

नागपूर, मूळ भंडारा जिल्हा, नर्स
सोबतची नेपाळी मुलगी सांगायची, २००२च्या आधी तिच्याकडे बायका यासाठी तुरुंगात जायच्या. आता १२ आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा पुरते, आणि २०१८च्या कायद्यानं सरकारी ठिकाणी मोफत. आपल्याकडे अजून कारण द्यावं लागतं. हे मला खटकतं.

वर्धा जिल्हा
बहीण अविवाहित. "लग्न झालं का?" एवढंच विचारून परत पाठवलं. आपल्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीत 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आलाय, म्हणजे लग्नाची अट नाही. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता केलं, नावही बाहेर जाऊ दिलं नाही. ते गुप्त ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. कोणाला तसा दवाखाना हवा असेल तर मला निरोप करा.