मदत हवी आहे: नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना शॉप फ्लोअरवर काम

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी सातपूर, अंबड किंवा सिन्नर एमआयडीसीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप हवं आहे. आठवड्यातून एक दिवस आणि उन्हाळी सुट्टीत सलग चार आठवडे. एका वर्कशॉपमध्ये दोनच मुलं. जास्त गेली की उभी राहून बघतात, हात कुणाचाच बसत नाही.

मशीनवर लगेच उभं करू नका, सुरुवात इन्स्पेक्शन टेबलापासून, म्हणजे तयार भाग मोजून तपासतात तिथून करा. वर्गात न कळणारी गोष्ट तिथेच कळते. २५ मिमी एच७ बोअरला (ठरावीक अचूकतेच्या गोल भोकाला) मापात सूट फक्त ०.०२१ मिमी. मुलं ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (त्याहून बारीक माप न दाखवणारा) व्हर्नियर लावतात आणि जॉब, म्हणजे बनवलेला भाग, पास करतात! तिथे बोअर गेज किंवा गो-नोगो प्लग गेजच (भोकात घालून माप सुटीत बसतं का ते सांगणारा) हवा. शिवाय मशीनवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजतात. स्टीलच्या या मापात २० अंशांच्या फरकाने जवळपास ६ मायक्रॉन (०.००६ मिमी) वाढतात, म्हणजे पाव सूट तिथेच गेली. धातूच्या चिप्स पुसणं, बर (कडेला राहिलेली खरखरीत धार) काढणं, गेज शून्यावर लावणं हेही याच टेबलावर शिकवावं.

सेफ्टी शूज, गॉगल, कॉलेजचं पत्र आणि अपघात विमा मुलं घेऊन येतील.

आता नेमकं विचारतो:
असं कुणी घेतं का? मालकाशी बोलावं की क्वालिटीच्या साहेबांशी? आणि शेवटच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'प्रशिक्षण पूर्ण' न लिहिता कोणती गेजेस वापरली, किती जॉब तपासले, हे लिहून मिळेल का? नोकरीच्या मुलाखतीत नेमकं तेवढंच विचारतात हो.